दुसरा अंब्रोज

राहुरीच्या आसपास विहिरीवरची मोटार जळाली, की माणूस पहिलं देवाचं नाव घेतो आणि दुसरं दगडूनानाचं. नानाचं वय आता सत्तरीपार गेलं, वाइंडिंगचं दुकान मुलगा पास्कल बघतो, तरी जुनी गिऱ्हाईकं टेम्पोतून मोटार उतरवली की "नाना कुठं हायेत?" असं विचारणारच. या नानाचं खरं नाव अंब्रोज गोलंदाज. ते दहा माणसांना ठाऊक असलं तरी डोक्यावरून पाणी. आधार कार्डावर आहे, रेशनकार्डावर आहे, चर्चच्या दप्तरात आहे. आणखी एका ठिकाणी आहे, पण ते ठिकाण नाना आपण होऊन कुणाला दाखवत नाही.

वाडीच्या मागं, मुळेच्या कालव्याकडेला ख्रिस्ती लोकांचं लहानसं कबरस्तान आहे. तिथल्या बाभळीखाली शहाबादी फरशीचा हातभर तुकडा रोवलेला आहे, आणि त्यावर छिन्नीनं कोरलंय: अंब्रोज गोलंदाज. खाली एका लेकराचं वय. हा नानाचा थोरला भाऊ. तो गोवरात गेला तेव्हा नाना जन्मायचा होता. पुढं नाना जन्मला आणि बापानं त्याच नावानं त्याचा बाप्तिस्मा केला. बापाला दुसरं नाव सुचलं नाही असं कुणी समजू नये. गोलंदाजांच्या घरची रीतच तशी. मेलेल्या लेकराचं नाव रिकामं ठेवायचं नाही. पुढच्यानं ते घ्यायचं आणि पुढं न्यायचं.

तर दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, नाना स्वतःच्याच नावापुढं मेणबत्ती लावत आला. फरशीला चुना मारायचा, झेंडू वाहायचा, हात जोडायचे. शाळेत नुकती अक्षरं लागायला लागली त्या वर्षी त्यानं फरशीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि आईला विचारलं, "आये, मी मेलोय का?" आईनं आधी पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच मातीत बसून रडली. त्यानं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आई त्याला दगडू म्हणायची. पोर जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असलं काहीतरी ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटावं, हा उकिरड्यावरचा माल नेऊन काय करायचा. ही इकडची रीत. चर्चमध्ये बापाची रीत चालली, घरात आईची. वाडीनं अर्थातच आईची बाजू घेतली. शाळेत मास्तरांनी "अंब्रोज" म्हटलं की हा दोनदा ऐकल्याशिवाय "हजर" म्हणत नसे. त्याला वाटे, ज्याला हाक मारलीय तो बोलेल की. बाकी सगळं ठीक होतं, पण एक सल मात्र त्याच्या मनात आयुष्यभर राहिली. आईनं त्याला मरेपर्यंत एकदाही अंब्रोज म्हटलं नाही. रागानं नाही, लाडानं नाही, आजारपणात नाही. त्यानं त्याचा एकच अर्थ लावला होता: आईला तो पहिला हवा होता, आणि आपण त्याच्या जागेवर येऊन बसलो.

आता ही रीत आली कुठून, तर गोलंदाजांचा मूळ पुरुष म्हणे फ्रेंच होता. हे ऐकून वाडीतली माणसं हसतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण नाना काळ्या रानातल्या ढेकळाच्या रंगाचा. बांधाला बांध असलेला त्याचा दोस्त गहिनीनाथ तर दर वेळी म्हणतो, "दगड्या, तू जर फ्रान्सचा, तर मी लंडनचा लॉर्ड हाय. काढ चहा."

घरात सांगतात ती गोष्ट अशी. पाँडिचेरीला एका फ्रेंच लोहाराच्या घरी अंब्रोज नावाचा मुलगा झाला. मोठा होऊन तो तोफा डागायला शिकला, पोट भरायला हिंडत हिंडत शिंद्यांच्या तोफखान्यात आला आणि नगरच्या किल्ल्यात चाकरीला राहिला. पुढं इंग्रजांनी किल्ला घेतला, पलटण पांगली. ज्याला जिकडं वाट दिसली तिकडं तो गेला, पण हा गेला नाही. त्यानं इथल्याच एका बाईशी लग्न केलं. तिचं नाव काय होतं हे मात्र गोष्ट सांगणाऱ्या एकाही पुरुषाला ठाऊक नाही. मधली कितीतरी वर्षं ना पाद्री होता, ना चर्च. घरातलं थोरलं माणूसच लेकराच्या डोक्यावर लोटीनं पाणी घालायचं आणि नाव सांगायचं. भाषा गेली, रंग गेला, टोपी गेली. आडनाव राहिलं, तेही इथल्या लोकांनी धंद्यावरून पाडलेलं. बाकी राहिल्या त्या नावाच्या दोन रीती.

एक ही मेलेल्या लेकराची. दुसरी अशी की थोरल्या नातवाला आजोबाचं नाव, आणि तेही आजोबा जिवंत असताना. आपल्याकडं जित्या माणसाचं नाव पाळण्यातल्या पोराला देत नाहीत. यांच्याकडं उलट. ज्याचं नाव, त्यानंच धर्मपिता म्हणून लेकरू हातात धरायचं आणि फादरनी "नाव काय?" विचारलं की स्वतःचंच नाव खणखणीत सांगायचं. आईबापांनी त्या वेळी गप्प उभं राहायचं.

पास्कलचं लग्न श्रीरामपूरच्या रेश्माशी झालं आणि पहिलाच मुलगा झाला, तेव्हा नानानं हे काम मोठ्या हौशीनं केलं. पोराला घरात अंबू म्हणत. नाना दुकानातून जेवायला आला की अंबू रांगत येऊन त्याच्या पायजम्याला लोंबकळायचा. आयुष्यात पहिल्यांदा नानाला ते नाव आपलं वाटलं, गोड वाटलं. दीड वर्षाचा झाला होता. पावसाळ्यात डेंग्यू झाला, नगरला दवाखान्यात नेला, आणि परत आणला तो आईच्या मांडीवर, कापडात गुंडाळून. बाभळीखाली आणखी एक फरशी आली. स्वतःच्या नावाच्या दोन कबरी असलेला माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

त्यानंतर घरात ते नाव कुणी घेईना. फोटो कपाटात गेला. कपडे वाटून टाकले. जेवताना कुणी चुकून "आपला अंबू असता तर" अशी सुरुवात केली, तर बाकीचे पाणी आणायला उठत. अशी दोन वर्षं गेली आणि रेश्माला दुसरा मुलगा झाला. सव्वा महिना माहेरी काढून ती बाळाला घेऊन वाडीला आली, तोवर बाप्तिस्म्याचा रविवारही ठरला होता. ईस्टरनंतरचा.

"नाव काय ठेवायचं गं?" शेजारणीनं सहज विचारलं.

रेश्मानं तोंड उघडायच्या आत आक्काबाई बोलली. आक्काबाई म्हणजे नानाची थोरली बहीण. ऐंशी उलटलेली, नवरा गेल्यापासून भावाकडंच राहिलेली, आणि घरातल्या सगळ्या रीतींची हवालदार. ती म्हणाली, "ठिवायचं काय त्यात? नाव हाय की घरात. रिकामंच पडलंय."

रेश्मा बाळाला घेऊन आत गेली. पास्कलनं मोबाईल काढून उगाच त्यात बोटं फिरवली. बायको आणि आत्या यांच्या मधे सापडलेल्या पुरुषाला मोबाईलइतका आसरा दुसरा नाही. आणि नाना? नाना "बघू" म्हणाला.

त्याला पुढं होऊन नको म्हणवेना. दोनशे वर्षं चालत आलेलं नाव आपल्या हातून तुटावं, हे त्याला जड जात होतं. त्याच्यापाशी घराण्याचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच. हो म्हणवेना, कारण त्या नावात राहणं काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आयुष्यभर त्यानं जळालेल्या मोटारी भरल्या. बॉडी तीच, वरचा नंबर तोच, आतली तार सगळी नवी. गिऱ्हाईक खूश, की आपली मोटार परत आली. भरणाऱ्याला ठाऊक असतं की आत आता दुसरंच आहे. पण मोटारीला त्याचं काही वाटत नाही. माणसाला वाटतं. हे सगळं आक्काला सांगायचं कसं, हा प्रश्न.

मग त्याला पळवाट सुचली. त्याची मुलगी निकिता पुण्याला नर्स आहे. तिच्या वॉर्डातली एक मैत्रीण पाँडिचेरीची. तिच्या घरी चार दिवस जायचं निकिताच्या मनात होतंच. नानानं तिला फोनवर सांगितलं, "जातीच हायेस तर बघ जरा, तो मूळ पुरुष खरंच हुता का. अन ही मेलेल्या लेकराच्या नावाची रीत त्याची, का मधीच कुनी घुसडली?" त्याचा हिशेब सरळ होता. मूळ पुरुषाची असेल तर मान खाली घालायची. मधल्याच कुणाची निघाली, तर आक्कापुढं ठणकावून सांगायचं की ही काही आपली रीत नव्हे. आणि ती मधल्याच कुणाची निघणार, असं त्यानं मनोमन धरून ठेवलं होतं.

निकिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नाना दुकानाच्या पायरीवर बसला होता. पोरीचा चेहरा उतरलेला.

"नाना, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मैत्रिणीच्या काकांनी लई मदत केली. इथल्या एका जुन्या चर्चच्या नोंदींच्या प्रती आहेत त्यांच्याकडं. अंब्रोज सापडला. बाप लोहार, सगळं आपल्या गोष्टीसारखं. पण तो दोन वर्षांचा असतानाच वारला, नाना. पुरल्याची नोंद आहे. म्हणजे नगरला कुणी आलंच नव्हतं. आपली सगळी गोष्टच बनवलेली."

नानाला हसू फुटलं. ते वाढतच गेलं, इतकं की शेजारचा वेल्डिंगवाला काय झालं म्हणून बघायला आला.

"अगं येडे," नाना म्हणाला, "मेला तो पयला. फुडं बघ की! त्याच आईबापाला आनखी एक पोरगं झालं आसंल. त्याचं बी नाव त्येच आसंल. आपला तो."

निकितानं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. सापडला होता. त्याच लोहाराचा, त्याच बाईचा, त्याच नावाचा दुसरा मुलगा.

"तुम्हाला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"मला न्हाई कळनार तर कुनाला?"

काकांनी तिला आणखीही बरंच सांगितलं होतं. त्या काळात ही रीत त्यांच्याकडं सर्रास होती. फ्रान्समध्ये होती आणि तिथून आलेली माणसं ती पाँडिचेरीलाही पाळत. पोरं फार मरायची. नाव परत घरात घ्यायचे. धर्मपित्याचं नाव धर्मपुत्राला, आजोबाचं नातवाला. त्यामुळं एका घरात, एका आळीत त्याच त्या नावांची माणसं. फौजेत तर एका नावाला चौघं ओ द्यायचे, म्हणून भरती झाला की शिपायाला एक वेगळं लष्करी नाव मिळायचं. कुणी 'फूल', कुणी 'शूर'. असल्याच एका शिपाई अंब्रोजची नोंद काकांच्या पाहण्यात होती. आपलाच असेल असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले, पण त्याच्या लष्करी नावाचा अर्थ होता 'बिनघोर'.

"बिनघोर!" नाना खूश झाला. "तोफंच्या म्होरं हुबा ऱ्हातो अन म्हनं बिनघोर." ते नाव त्यानं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. गहिनीनाथला दोनदा सांगितलं.

पण संध्याकाळी एकटा बसला तेव्हा त्याच्या मनात वेगळंच काही आलं. इतक्या वर्षांत आपल्यासारखा माणूस त्याला पहिल्यांदा भेटला होता, तोही दोनशे वर्षांपूर्वीचा. त्या गोलंदाजालाही लहानपणी कुणीतरी एका कबरीपुढं उभं केलं असणार. त्यानंही ते नाव दोनदा ऐकल्यावरच ओ दिली असेल. नानाला त्याला एवढंच विचारावंसं वाटलं, तुला तुझी आई काय म्हणायची रे? निकितानं आईचं नाव सांगितलं होतं, मार्गरीत. त्यापलीकडं तिच्याबद्दल कुठं अक्षर नव्हतं.

आक्काबाईला मात्र हे सगळं कळल्यावर हर्ष मावेना. "बघ! म्या काय म्हनत हुते? पार मूळ पुरुषापासनं चालत आलंय. त्यो स्वोताच तसला हुता. आता बोल!" नाना गाठ सैल करायला गेला होता, ती आणखी आवळून बसली. मूळ पुरुषापुढं मान खाली घालायची हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. रविवार आठवड्यावर आला. बाळाला रेश्मा नुसतं बाळ म्हणायची. सोन्या नाही, राजा नाही, काही नाही.

एका सकाळी पडवीत ती बाळाला तेल लावत होती. पाय लांब करून, बाळ पायांवर पालथं घालून. आक्काबाई परसात चिंचा फोडत होती, पास्कल दुकानात गेलेला. नाना बाजेवर बसला. त्यानं इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"पोरी, तुला त्ये नाव नगं हाय ना?"

रेश्माचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

"भ्या वाटतंय का? एकाला लाभलं न्हाई, तवा याला बी..."

"भीती न्हाई नाना," ती म्हणाली. "लोकांना तसंच वाटतंय. आईला पन माझ्या तसंच वाटतंय."

"मग?"

तेल जिरवत, वर न बघता ती बोलली. "अंबूचं काय राहिलंय आता? कपडे वाटले. खेळणी आक्काआत्यांनी देऊन टाकली. पाळणा याला लागला, दुपटी याला लागली. लागू देत, मला त्याचं काही न्हाई. पर त्याचं म्हनावं असं आता एक नावच उरलंय, नाना. ते बी याला दिलं, तर मी त्याला काय म्हणून आठवू? उद्या मी अंबू म्हटलं, की हा हसत पळत येईल. मला आवडंलच की हा आला तर. मग तो कुठं जाईल?"

दोन वर्षांत तिनं ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं. तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. तेलाचे डाग पातळावर पडले, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

नाना बसल्या जागी हलला. तो रेश्माकडं बघत होता खरा, पण त्याला दिसत होती त्याची आई. सत्तर वर्षं तो समजत आला होता की तिनं आपल्याला ते नाव नाकारलं. आपण त्या नावाला पुरे पडलो नाही. आणि तिनं तर ते कुणाला नाकारलंच नव्हतं. ज्याचं होतं त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. बापानं, चर्चनं, शाळेनं, सगळ्यांनी ते काढून धाकट्याला दिलं, तेव्हा ती एकटी थोरल्याच्या बाजूनं उभी राहिली. आणि धाकट्याला तिनं त्याचं स्वतःचं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव दिलं. नाना रडला. सुनेसमोर रडायची लाज वाटायचं वय मागं पडलं होतं. उपरणं तोंडाला लावून रडला, आणि रेश्मा घाबरून "नाना, नाना" करत राहिली.

डोळे पुसून तो परसात गेला. आक्काबाईपुढं चिंचोक्यांचा ढीग पडला होता.

"आक्का, आये मला अंब्रोज का म्हनत नव्हती?"

"आता मदीच काय ह्ये?"

"सांग ना."

आक्काबाईनं हातातली चिंच खाली ठेवली नाही, पण फोडलीही नाही. "आपल्या बापानं लई सांगून बघितलं तिला," ती म्हणाली. "लई भांडनं व्हायची. ती म्हनायची, त्या नावानं हाक मारली का मला दोघं दिसत्यात, अन येतो एकच. मी ल्हान हुते. मला वाटायचं, आये येडी झाली."

"आनी आता काय वाटतंय?"

आक्काबाई चिंचोके एका बाजूला लोटत बसली. शेवटी म्हणाली, "रीत ती रीत. नाव तू देनार हायेस. तुजं तू बघ." पण आवाजात नेहमीची हवालदारकी नव्हती.

रविवारी चर्च भरलं होतं. निकिता पुण्याहून आली होती, गहिनीनाथ मागच्या बाकावर फेटा बांधून बसला होता. नानानं बाळाला हातात घेतलं. रेश्मा आणि पास्कल बाजूला उभे. नाना काय करणार, हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. रेश्माला फक्त आदल्या दिवशी म्हणाला होता, एक नाव मनात धरून ये.

"या बाळाला तुम्ही कोणतं नाव देता?" फादरनी विचारलं.

घरच्या रीतीप्रमाणं सगळ्यांनी नानाकडं पाहिलं.

"फादर," नाना म्हणाला, "आमच्यात ज्याचं नाव त्यानंच द्यायचं आसतंय. पर जे नाव माझं म्हनत्यात, ते माझ्या भावाचं हुतं. मागनं माझ्या नातवाचं झालं. दोघांनी बी ते सोडलेलं न्हाई. जे आपलं न्हाई ते मी कसं देऊ? मूळ पुरुषानं काय केलं ते मला ठाव हाय. त्यानं त्याच्या आयेला विचारलं नसंल, अन मी बी कधी माझ्या आयेला विचारलं न्हाई. याच्या आयेला मात्र मी विचारतो."

आणि त्यानं बाळ रेश्माच्या हातात दिलं.

रेश्मा म्हणाली, "अनुग्रह."

"ह्ये कसलं नाव?" आक्काबाई पुटपुटली, पण तिचं पुटपुटणं म्हणजे भल्याभल्यांचं बोलणं, पहिल्या चार बाकांना ऐकू गेलं. माणसं हसली. फादरही हसले. बाळाच्या कपाळावर पाणी पडलं आणि ते ठणाणा रडायला लागलं.

घरी आल्यावर जेवणाची पंगत उठली, पाहुणे पांगले. मागं घरचीच माणसं पडवीत बसली. रेश्मानं बाळाला मांडीवर घेतलं होतं. सगळ्यांसमोर, सरळ आवाजात, ती त्याला म्हणाली, "तुला एक दादा हुता. अंबू. अंब्रोज त्याचं नाव. त्याला गूळशेंगा लई आवडायच्या."

कुणी पाणी आणायला उठलं नाही. पास्कलच मग बोलायला लागला, की अंबू गूळशेंगांतल्या शेंगा थुंकायचा आणि गूळ तेवढा खायचा. आणि बोलता बोलता रडला. निकितानं कपाटातून फोटो आणला.

आक्काबाई भिंतीला टेकून ऐकत होती. फोटो हातोहात फिरून तिच्याकडं आला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"आमचा बी आसाच हुता," ती म्हणाली. "थोरला अंब्रोज. आता त्याला वळखनारी मी एकलीच उरले. कोंबड्यांच्या मागं लई पळायचा. एकदा खुराड्यात जाऊन झोपला, सगळी वाडी धुंडली आमी. बाहेर काढला तर डोक्यात पिसं. अन बोबडा किती! मला आक्का म्हनायला यायचं न्हाई त्याला, आत्ता म्हनायचा."

नाना सरकून तिच्याजवळ बसला. इतक्या वर्षांत भावाबद्दल त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्याला भाऊ होता म्हणजे नाव होतं, फरशी होती. पिसं भरलेलं डोकं कुणाला ठाऊक होतं?

"मग?" त्यानं विचारलं. "आनखी काय करायचा दादा?"